गिरणी किती दूध देते?

नगरला कोर्टामागं माझं टायपिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात धंद्यासाठी कर्ज हवं असलेला माणूस बँकेच्या आधी माझ्याकडे यायचा. बँक ‘प्रोजेक्ट रिपोर्ट’ मागायची ना! धंदा कुठं, गिऱ्हाईक कोण, अडचणी काय, सगळं लिहून द्यायचं. कार्बन कॉप्यांनी कपाट भरलं आणि किश्श्यांनी डोकं. कॉप्या रद्दीत गेल्या, किस्से कोण घेणार? म्हणून तुम्हाला सांगतो.

आधी एक कबुली. माझ्याकडे रिपोर्ट एकच होता, म्हशींच्या गोठ्याचा! एकदा पास झालेला. तोच समोर ठेवायचा, नाव आणि धंदा बदलायचा, टकाटक टाईप करायचा.

*

कर्जतच्या पोपटरावांना पिठाची गिरणी टाकायची होती. मी घाईत एक ओळ बदलायला विसरलो. बँकेतल्या भिंगारदिवेसाहेबांनी चष्मा वर केला. “पोपटराव, तुमची गिरणी दिवसाला बारा लिटर दूध देते?”

पोपटराव जराही डगमगले नाहीत. “लाईट असली तर दील की, साहेब!”

*

शिंगणापूरच्या एकाला हार्डवेअरचं दुकान काढायचं होतं. मी नेहमीचं वाक्य ठोकलं, ‘परिसरातील प्रत्येक घरास या मालाची गरज आहे.’ मालाच्या यादीत पहिलंच, कड्या आणि कुलपं!

साहेब म्हणाले, “अहो, तुमच्या गावात घरांना दारं नाहीत. सही करताना वाचलं नाही?”

“वाचायचं बँकेनं. आमी फकस्त सही करायची!”

*

एसटीडी बूथवाला बबन ‘स्पर्धक’ या रकान्यात ‘कोणी नाही’ लिहा म्हणाला. साहेब जागा बघायला गेले, तर शेजारीच दुसरा बूथ!

“हा कोण?”

“त्यो? माझा थोरला भाऊ हाय. त्यो कसा स्पर्धक हुईल?”

त्याच संध्याकाळी साहेबांनी मला बोलावलं. “पवार, धंदा बुडतो तो या लोकांचा. यापुढे एका जरी रिपोर्टात म्हैस सापडली, तर तुझ्या दुकानाचे कागद घेणार नाही!” माझं घर त्याच टाईपरायटरवर चालत होतं.

*

पुढच्याच आठवड्यात रूथबाई आल्या. एमआयडीसीत खानावळ काढायची होती. या वेळी मी प्रामाणिकपणे म्हणालो, “बाई, आधी तुम्ही स्वतः लिहून आणा. मी टाईप करतो.”

बाई तीन दिवस कारखान्यांच्या गेटवर उभ्या राहिल्या. जेवणाच्या सुट्टीत कामगारांचे डबे बघितले, विचारपूस केली, आणि शाळेच्या वहीत पेन्सिलीनं चार पानं लिहिली. मी वहीसकट त्यांना बँकेत घेऊन गेलो.

साहेब वाचता वाचता थांबले. “खानावळीत पोळी-भाकरी ठेवणार नाही? असं कसं?”

“भाकरी समद्यांची घरची असती, साहेब. पन कालवण दुपारपतुर आंबतं, न्हाईतर डब्यातून सांडतं. मी निस्तं गरम कालवण इकनार. पाळी बदलली तर किती शिजवायचं, ते मागच्या पानावर लिवलंय.”

साहेबांनी मागचं पान बघितलं. मग पुन्हा पहिलं. मग आमच्या दोघांकडे बघून चक्क हसले! “मंजूर समजा. फक्त वही चालत नाही, पवारांकडून टाईप करून आणा.”

माझा जीव भांड्यात पडला.

रूथबाईंनी वही झटकन छातीशी धरली. “ह्यांच्याकडं नगं, साहेब! कर्जतचे पोपटराव माझे गाववाले हायेत. माझ्या कालवणात म्हैस निघंल!”