वाचनाच्या तासाला खाकी कव्हर

माझ्या बायकोच्या वर्गातली, नुकतीच वाचायला लागलेली पोरं वाचनापासून तोडण्याचं काम मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता, एका रविवारात पूर्ण केलं. हेतू अत्यंत चांगला होता. (माझे हेतू कायम चांगलेच असतात. घरचे लोक घाबरतात ते त्यामुळेच.)

नवं राज्य झालं, आमचं ऑफिस भोपाळहून रायपूरला आलं आणि फायलींच्या गठ्ठ्यांमागून आम्हीही आलो. बायकोची, म्हणजे शोभाची, बदली बीरगांवच्या एका प्राथमिक शाळेत झाली. पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग, बहुतेक पोरं कारखान्यातल्या कामगारांची. तिथे तिने एक नवीनच प्रकार सुरू केला. दुपारच्या जेवणानंतर अर्धा तास प्रत्येकाने आपलं पुस्तक आपणच निवडायचं, आपणच वाचायचं आणि मग मनात येईल ते लिहायचं किंवा काढायचं. मॅडम काही सांगणार नाहीत. मॅडम कोपऱ्यात बसून स्वतःचं पुस्तक वाचणार!

शाळेच्या बड़े गुरुजींना, म्हणजे मुख्याध्यापकांना, हे मुळीच पटलं नव्हतं.

"मैडम, आपकी क्लास से आवाज़ ही नहीं आती," ते म्हणाले. "पढ़ाई हो रही है, ये रोड तक सुनाई देना चाहिए!"

त्यांनी वर तक्रार केली. बुधवारी एक साहेब वर्ग बघायला येणार असं ठरलं. पसंत पडलं तर वाचनाचा अर्धा तास राहणार, नाही तर त्या जागी पाढे. शोभाचं जेवणावरून मन उडालं.

"आता कुठं पोट्टे आपल्या मनानं पुस्तक उचलून राहिले," ती म्हणाली. "तेवढं बंद झालं, तर मले त्या वर्गात उभं राहवणार नाही."

हे ऐकून माझ्या मनात मदतीची भावना जागी झाली. ती जागी झाली की आमची मुलगी जुई आधी मौल्यवान वस्तू उचलून ठेवते.

साहेब येणार म्हणून शाळेत चुना मारणं चाललं होतं, त्यामुळे वर्गातली सगळी पुस्तकं पोत्यात भरून आमच्या घरी आली होती. शोभा शनिवार-रविवार प्रशिक्षणासाठी अभनपूरला गेलेली. मी पोतं उघडलं. पातळ पातळ चित्रांची पुस्तकं, आणि प्रत्येकावर कारखान्यांची काळी धूळ! हत्ती काळा, ससा काळा, परीसुद्धा काळी. साहेबांना ही दाखवायची?

आम्ही विदर्भातली माणसं. जून लागला की आमचे बाबा खाकी कागदाचा गुंडाळा घेऊन बसत आणि घरातल्या प्रत्येक पुस्तकाला कव्हर घालत. एकदा तर शेजाऱ्यांच्या टेलिफोन डिरेक्टरीलाही घातलं होतं. तेच रक्त माझ्यात उसळलं. मी मैद्याची खळ शिजवली.

"पापा, मम्मी को पूछ तो लो," जुई म्हणाली. (तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत.)

"अवं, सरप्राइज हाय ते!"

"इसीलिए तो बोल रही हूँ."

मी लक्ष दिलं नाही. कव्हर नुसतं घातलं, तर पोट्टे काढून टाकतील, म्हणून मी ते मुखपृष्ठाला सगळीकडून घट्ट चिकटवलं. वर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर सुंदर अक्षरात 'कथा (सामान्य)', 'कथा (पशु-पक्षी)' असा विषय. संध्याकाळी सगळी पुस्तकं रांगेत लावली, तर आमच्या ऑफिसची रेकॉर्ड रूम झाली होती. माझे डोळे भरून आले.

सोमवारी पोत्याचं तोंड शिवूनच मी ते स्कूटरवर टाकलं आणि कौतुक स्वीकारायला शोभाबरोबर स्वतः शाळेत गेलो. एखादं कव्हर सुटलंच तर, म्हणून हातात खळीचा ब्रशही होता. पोतं वर्गात ओतलं.

पोरं धावत आली आणि थांबली. एकाने एक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं, तेही ठेवलं. मग टिकेश्वरी नावाची दुसरीतली चिमुरडी पोट्टी रडवेली होऊन म्हणाली, "मैडम, किताब मन के मुंहू कहां गे?"

पुस्तकांची तोंडं कुठे गेली! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांना अजून अक्षरं नीट लागत नाहीत, ती पोरं चित्र बघून पुस्तक निवडतात. आणि मी सगळ्या चित्रांना खाकी गणवेश घालून उभं केलं होतं.

"अवो, हे काय करून ठेवलं तुमी?" शोभा पुटपुटली. आवाज हळू होता. मोठा असता तर बरं झालं असतं.

"काढून देतो ना लगेच!" म्हणत मी ओलं फडकं घेतलं आणि एक कव्हर ओढलं. कव्हर आलं. कव्हराबरोबर अर्धा हत्तीही आला. पहिलीतल्या एका पोराने सोंडेकडे पाहून भोकाड पसरलं. ते ऐकून आणखी चौघांनी. इतक्यात दारात बड़े गुरुजी! त्यांचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"वाह मैडम! आज पहली बार क्लास की आवाज़ रोड तक आई!"

मी दुसऱ्या पुस्तकाला हात घातला.

"हात नका लावू!" शोभा कडाडली. "तिथं टाटपट्टीवर बसा. काहूनच आणलं मी तुमाले!"

मी पोरांच्या रांगेत तरटाच्या पट्टीवर मांडी घालून बसलो. शेजारचा पोरगा जरा सरकला.

तेवढ्यात दिसलं की टिकेश्वरीने एक पुस्तक उघडलंय. ती बोटाने एकेक अक्षर लावत शेवटच्या पानापर्यंत गेली, मग पुस्तक मिटून खाकी कागदावर खडूने पोपट काढू लागली. मोठा, हिरवा, माझ्या 'कथा (सामान्य)'ला चोच मारणारा पोपट.

शोभा बघत राहिली. मग तिने रंगीत खडूंचा डबा वर्गाच्या मध्ये ठेवला आणि आपल्या कोपऱ्यात जाऊन बसली.

आणि मग गंमत झाली! चित्र काढायचं तर आत काय आहे ते कळायला हवं, आणि कळायचं तर वाचायला हवं. ज्याला जमेना, त्याने शेजाऱ्याला हाताशी धरलं. "मगर नोहय, छिपकली आय!" "त पढ़ के देख न!" एकाने कावळा काढून खाली आपल्या मनानेच पुस्तकाचं नाव लिहिलं: 'कौवा बदमास हे'. मंगळवारपर्यंत एकही पुस्तक खाकी उरलं नाही.

बुधवारी साहेब आले. मला वर्गात यायची बंदी होती, म्हणून मी खिडकीबाहेर उभा होतो. आत पोरं वाचत होती. शोभाही आपल्या कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली होती. साहेबांनी राक्षसाच्या गोष्टीचं पुस्तक उचललं. कव्हरवरच्या राक्षसाला चष्मा होता, मिशा होत्या आणि हातात खळीचा ब्रश.

"राक्षस के हाथ में ब्रश क्यों है, बेटा?"

"ये ह किताब मन के मुंहू ला खाथे, साहब," टिकेश्वरी म्हणाली आणि तिने खिडकीकडे बोट केलं. "वो दे ठाढ़े हे!"

पुस्तकांची तोंडं खाणारा तो तिथे उभा आहे! अख्खा वर्ग वळला. साहेब वळले. शोभाने डोळे मिटले. मी नमस्कार केला.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी ते पुस्तक उभ्या उभ्याच पूर्ण वाचलं आणि बड़े गुरुजींना म्हणाले, "पहाड़े सुबह करा लीजिए. ये आधा घंटा मत छेड़िए."

अर्धा तास वाचला. आजही मी शोभाला घ्यायला शाळेत जातो. मी दारात दिसलो की पहिलीतलं अगदी शेंबडं पोरगंही आपलं पुस्तक दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरतं. पोरांना पुस्तकांचा एवढा लळा लावणारा माणूस अख्ख्या रायपुरात दुसरा नसेल!