बाबांनी सोडलेली भाकर

बाबांना दाखवून आदिलाबादच्या दवाखान्यातून आमच्या गावी, तामसीला परत निघालो आहोत. बसमध्येच हे लिहून राह्यली, कारण मन भरून आलंय.

माझ्या बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे. भाजीच्या मळ्यात राबणारा, ज्वारीच्या भाकरीवर वाढलेला माणूस. त्यांना कुणीतरी मोबाईलवर एक बातमी पाठवली. प्रयोगात उंदरांचं धान्य-साखर बंद करून तेल-तूप वाढवलं, तर ही गाठ हळू वाढली म्हणे. तेव्हापासून बाबांनी भाकर, भात, सगळं सोडलं. अंडी आणि शेंगदाण्यावर राहिले. आईनं किती विनवण्या केल्या, पण ऐकलं नाही.

आज डॉक्टर म्हणाले, "उंदरांत तसं दिसलंय, पण माणसांत अजून ठरलेलं नाही. यांचं वजन फार उतरलंय, भाकर खाऊ द्या." मग रिपोर्ट पाहून त्यांनी हळूच सांगितलं, आजार हाडांत पोचलाय.

बाहेर बाकावर मी भाकरीचा डबा उघडला. "बाबा, आता तरी खा."

"खातो न माय," बाबा म्हणाले. "पन भाकर सोडनं, तेवढंच त माह्या हाती होतं."

मी घास मोडून त्यांना दिला.

माझ्या जागी तुमी असते, तर बाबांना काय म्हटलं असतं?