वाघाच्या वाटणीचं पान

वाघबारशीच्या खिरीतलं पहिलं पान वाघाचं. ते शिवेबाहेर, करवंदीच्या जाळीपाशी ठेवायचं आणि मागे वळून न बघता परत यायचं. लहानपणापासून हे काम माझ्याकडे. वडील लवकर गेले, काकांनीच मला वाढवलं, आणि वाघोबाची पूजाही काकांकडेच. म्हणून हा मान माझ्याकडे आला. पहिल्या खेपेला मी भोकाड पसरलं होतं. तेव्हा काका म्हणाले होते, "घाबरतं कशाला गो? तो आपला राखणदार हाय. तो नसला तं डुकरां आपली नाचणी ठेवतील काय?"

डोळखांबच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. सिंह राहिला गुजरातेत, पट्टेरी वाघ उरला वाघोबाच्या शेंदूर फासलेल्या कोरीव पाटीवर. आमच्या रानात खराखुरा फिरतो तो बिबट्या, आणि आम्ही सगळे त्यालाच वाघ म्हणतो. काकाही तसंच म्हणायचे.

मी नोकरीला शहापूरला जाते, पण सासर-माहेर दोन्ही याच पाड्यावर. वनखात्याच्या शिबिराला जाऊन आल्यापासून कुणाची शेळी गेली की लोक मला हाक मारतात. मी एकच गोष्ट घोकून घोकून सांगायचे. मेलेलं जनावर हलवू नका. पंचनामा होऊ द्या, भरपाई मिळेल. आणि नंतरही ते तिथंच राहू द्या. वाघ आपली शिकार खायला परत येतो. त्याला उपाशी घालवलंत तर तो दुसरी शेळी नेणारच. हळूहळू लोकांना पटलं होतं. सगळ्यात आधी पटलं ते काकांना, आणि त्यांनी मान डोलावली म्हणून बाकीच्यांना. मला त्याचा केवढा अभिमान होता!

यंदा ओहळाच्या बाजूला दोन पिल्लांची मादी फिरत होती. भात पिवळं झालं होतं, आणि एके दिवशी पहाटे तिनं काकांचीच शेळी मारली. मी धावत गेले. काका शेळीजवळ उकिडवे बसले होते. मला म्हणाले, "तू सांगशील तसा. आमी हात नाय लावत." दुपारपर्यंत पंचनामा झाला. मी अर्ध्या दिवसासाठी कामावर निघाले, तर काकांनी हाक मारली, "येताना भाताचा औषध आन गो." भात कापणीला आलंय, आता कसलं औषध, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. काकांना कधी कशाचं कारण विचारलंय मी?

दुसऱ्या दिवशी ओहळावर धुणं धुवायला गेलेल्या बायका ओरडतच परत आल्या. मादी पाण्याच्या कडेला आडवी पडली होती, तोंडाला फेस. एक पिल्लू तिच्या पोटाशी ढुशा देत होतं. ते वनखात्याची माणसं घेऊन गेली. दुसरं कुणालाच दिसलं नाही. मी शेळीपाशी गेले. वास ओळखीचा होता. आदल्या दिवशी त्याच वासाची औषधाची बाटली मी काकांसाठी पिशवीत घालून आणली होती.

मी तडक काकांच्या अंगणात गेले. काका पेंढा सारखा करत होते. मान वर न करता म्हणाले, "तो बिबट्या व्हता. वाघोबाच्या अंगावर पट्टे हायत, ठिपके नायत. देवाचा काय त्यात?"

जन्मभर ज्याला वाघ म्हटलं, तो एका रात्रीत बिबट्या झाला. ही सोय काकांना कुठून सुचली? शेळी गेल्याचा राग मी समजू शकले असते. समोर भांडले असते तर मीही भांडले असते. पण मी शिकवलेल्या गोष्टीचाच त्यांनी सापळा केला. वाघ परत येणार हे त्यांना माझ्याकडूनच कळलं होतं, आणि विषही त्यांनी माझ्याच हातून आणवलं. इतका दगा मला कुणा परक्यानेही दिला नाही.

वनखात्याने विचारलं तेव्हा मला जे ठाऊक होतं ते मी सांगितलं. चौकशी चालू आहे म्हणतात. पाड्याने मात्र माझ्याशी बोलणं टाकलंय. 'घरच्या माणसावर उलटली' म्हणतात. रात्री डुकरं भातात शिरतात आणि डबे बडवत तेच लोक जागतात.

मग वाघबारस आली. पूजेचा मान काकांचाच राहिला. त्यांनी पाटीला शेंदूर लावला, नारळ फोडला आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं, "आमच्या गुरांवर, पोराबाळांवर नजर ठेव रे बाबा." सगळे 'होय' म्हणाले. मग काहीच झालं नसल्यासारखं त्यांनी पळसाच्या पानावर खीर वाढली आणि माझ्यापुढे धरली.

"जा गो, ठेवून ये."

मी पान घेतलं. शिवेकडे गेले नाही. ते काकांच्याच पुढ्यात ठेवलं.

"तिकडं खायला आता कोन हाय?" मी म्हटलं. "तुमीच खा."

खीर त्यांनी स्वतःच्या हाताने शिजवली होती, तिच्यात विष नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी काकांनी त्या पानाला हात लावला नाही.