कुकरला काजं

आमच्या वन्संना कोणी ‘बिचाऱ्या’ म्हटलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. बिचाऱ्या कसल्या! वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवलं, आयुष्यभर शिवणकाम केलं आणि स्वतःच्या कमाईतून दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत ओटा आणि पलंग. एखादं गिऱ्हाईक ‘शर्ट आटला’ म्हणून कुरकुरत आलं की त्याच्या पोटाकडे बोट दाखवून म्हणायच्या, “शर्ट होता तेवढाच आहे. तू वाढलास.”

गेल्या वर्षी डोळ्यांनी दगा दिला. समोर बघावं तिथे धुकं, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येणार नाही. वन्सं ‘बरं’ म्हणाल्या आणि घरी येऊन मशीनवर बसल्या. शिलाई बोटांना कळते, म्हणाल्या.

पंचाईत झाली ती गॅसवर. एकदा बटाटे करपले, घरभर धूर झाला, शेजारी धावले. आमचे हे तावातावाने गेले आणि शेगडीच उचलून घेऊन आले. वर फर्मान सोडलं, “ताई, आता आमच्याकडे राहायचं. या खोल्या बंद करू.”

दुपारी वन्संचा मला फोन. “अगं, मी तुझ्या घरी राहायला आले तर आपल्या दोघींचं कसं व्हायचं?”

“आठवडाभरात भांड्याला भांडं लागेल,” मी म्हटलं.

“आणि तुझा नवरा?”

“मधल्या मध्ये उपाशी मरेल.”

दोघी पोट धरून हसलो. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “मला इथून हलवू नका गं. इथे मशीन कुठे, दार कुठे, मीठ कुठे, सगळं मला ठाऊक आहे. तुमच्या घरी मी नुसती आंधळी होईन.”

मी फोन ठेवला, पर्स उचलली आणि विजेचा कुकर घेऊन आले. यांना बजावलं, “रविवारी तुमच्या बहिणीकडे जेवायला जायचं. त्यांनी एकटीने स्वयंपाक केला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमला, तर त्यांची बॅग मी स्वतः भरेन.” हे लगेच कबूल झाले. जमणार नाही याची त्यांना खात्रीच होती ना!

कुकर झकास होता, पण पुढची पाटी काचेसारखी गुळगुळीत. भात, सूप, कडधान्य, मटण, बंद करायची कळ, सगळं एकाच पातळीत. बोटाला काही लागेना. वन्संनी ड्रॉवर उपसला. भाताच्या कळेवर दोन भोकांचं बटण चिकटवलं, कडधान्यावर चार भोकांचं, सुपावर मणी, मटणावर टिचबटण आणि बंद करायच्या कळेवर हूक. मी टाळ्या वाजवल्या. म्हटलं, फत्ते!

कसलं फत्ते. वाटाणे लावले ते छर्र्यांसारखे टणक निघाले. पुन्हा लावले, तर पार गिचका. तिसऱ्यांदा मी शेजारी उभी राहून बघितलं आणि डोक्याला हात लावला. कडधान्याची कळ शोधताना वन्सं वाटेतलं प्रत्येक बटण चिमटीत धरून दाबून बघत होत्या. जन्मभराची सवय! बटण हाताला लागलं की ते घट्ट बसलंय की नाही हे त्या बघणारच. कुकर बापडा घटकेत भात, घटकेत सूप.

“वन्सं, उगाच हात लावू नका ना!” मी खेकसले.

“हात नको लावू तर काय डोळ्यांनी बघू?” त्या उलट कडाडल्या. मी जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी गेले तर सगळी बटणं खरवडून काढलेली, आणि बाई बक्रम कापत बसलेल्या. कॉलर ताठ राहावी म्हणून आत घालतात ते कडक कापड. “प्रत्येक कळेच्या जागी खडूने खूण करून दे,” त्या म्हणाल्या, “आणि तोंड बंद ठेव.” प्रत्येक खुणेवर त्यांनी काज केलं, चांगलं बोट जाईल एवढं, आणि शेजारी जाड दोऱ्याच्या गाठी घातल्या. भाताला एक, सुपाला दोन, अशा चढत्या. तो पट्टा झाकणाच्या खाली, कुकरच्या पोटावर नाड्यांनी बांधला. आता कापडावरून बोटं कितीही फिरवा, बक्रम दबत नाही. गाठी मोजायच्या, काजात बोट घालायचं, की कळ बरोबर दाबली जाते. त्या दिवशी वाटाणे असे शिजले की दोघींनी उभ्याउभ्याच संपवले.

रविवारी मटण होतं. हे खुर्चीच्या टोकावर, परीक्षक असल्यासारखे बसले. वन्संनी झाकण फिरवलं, गाठी मोजल्या, काजात बोट घातलं. कुकर टुणकन वाजला. मला मिशा असत्या तर तिथल्या तिथे पीळ दिला असता.

थोड्या वेळाने फुस्स्स असा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. हे ताडकन उठले. “ताई, सरक बाजूला!”

मी यांच्या शर्टाचं टोक धरून खाली ओढलं. “बसा! हात लावलात तर याद राखा.” घाबरले तर मीही होते, खोटं कशाला बोलू. वन्संनी मान तिरकी करून कान दिला.

“वाफेची कळ उघडी राहिली वाटतं,” त्या म्हणाल्या. मापाची लाकडी पट्टी घेतली, लांब उभं राहून कडेच्या नजरेने अंदाज घेतला आणि पट्टीच्या टोकाने कळ ढकलली. आवाज बंद. घाई नाही, गडबड नाही.

मटण लोण्यासारखं मऊ झालं होतं. यांनी मुकाट्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, रस्सा पावाने पुसून खाल्ला आणि घसा खाकरला. “ठीक आहे ताई. राहा इथेच.”

“राहणारच आहे,” वन्सं म्हणाल्या. “तुला जेवायला बोलावलं होतं, परवानगी मागायला नाही.”

मी खो खो हसणार, तेवढ्यात यांच्याकडे लक्ष गेलं. डोळे भरून आले होते. केस पांढरे झालेला माणूस, ताटाकडे बघत म्हणाला, “मला वाटलं होतं, तू येशील. रोज दिसशील.”

एवढे दिवस मी याला नुसता हट्ट समजत होते.

वन्संनी चाचपत यांच्या गालापर्यंत हात नेला. “किती वाळलास रे. हिच्या हातचं काय मिळतं तुला, कुणास ठाऊक.”

“वन्सं!” मी ओरडले.

त्या हसल्या, पण हात काढला नाही. “तुझ्या घरी आले असते तर तू माझी काळजी करत बसला असतास, बाळा. इथे मी तुझी करेन. तू येत जा.”

यांनी ताट पुढे केलं. वन्संनी एका हाताने ताटाची कड धरली आणि दुसऱ्याने वाढलं.