कोहळ्याची वांझ फुलं

शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये दादा-वहिनींच्या घरामागे खाटेएवढी माती होती. तिच्यात वहिनींनी कोहळं लावलं होतं. कोहळं म्हणजे आमच्या नागपूरकडचा लाल भोपळा. आदल्या ऑक्टोबरात शेजाऱ्यांनी दारात हॅलोविनच्या सजावटीला भोपळे मांडले होते. त्यातला एक न कोरलेला कचऱ्यात जाणार होता. वहिनींनी तो मागून आणला, भाजी केली आणि बिया वाळवून ठेवल्या.

कोहळ्याच्या फुलांची भजी मी तिथेच करायला शिकले. फुलं सकाळी लवकर तोडायची, उन्हं चढली की मिटतात. आत मधमाशी अडकली नाही ना ते बघायचं. मधला पिवळा दांडा खुडून टाकायचा, नाहीतर कडवट लागतो. बेसनात ओवा, तिखट, मीठ. पीठ पातळ, फूल दिसलं पाहिजे. तेलात सोडताना देठाला धरायचं. वहिनी म्हणायच्या, "हळू. हात भाजला की तुमची पीएचडी कोण लिहील?"

मी शिकागोत जीवशास्त्रात संशोधन करत होते आणि बहुतेक शनिवार-रविवार त्यांच्याकडे काढत होते. दादा माझे सख्खे भाऊ नव्हेत. आमच्या वस्तीतलं वाचनालय ते चालवायचे. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना होता, तिथे पत्रकांच्या घड्या घालता घालता मी अक्षरं शिकले. आणि चौकात उभं राहून वाटायला पहिलं पत्रक दिलं ते दादांनी. त्याचा मथळा अजून पाठ आहे: 'बाई आधी माणूस आहे.' पुढे ते इंजिनिअर होऊन इकडे आले. मी आले तेव्हा या देशात हे एकच मराठी घर मला ठाऊक होतं, जिथे आडनाव सांगितल्यावर बोलणाऱ्याचा सूर बदलत नव्हता.

त्यांच्या लग्नाला सात वर्षं झाली होती. मूल नव्हतं. वहिनींच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दोष कुठेच निघाला नाही. मग डॉक्टरांनी दादांच्या नावाची तपासणीची चिठ्ठी दिली. ती वर्षभर फ्रिजवर चुंबकाखाली होती. मे महिन्यात दादांच्या आई सहा महिन्यांसाठी आल्या, तेव्हा ती ड्रॉवरमध्ये गेली. सासूबाईंनी ठरवून टाकलं की ऑक्टोबरात परतताना सूनबाईंना सोबत न्यायचं, तिकडे एक वैद्य आहे. "त्यानंही नाही झालं, तं मंग पाहू," असं त्या म्हणायच्या. त्या 'मंग पाहू'चा अर्थ घरात सगळ्यांना कळत होता. दादांनी तपासणी केली असती तर वहिनींना जावं लागलं नसतं. तेही सगळ्यांना कळत होतं.

जुलैतल्या एका शनिवारी दादांचे साहेब पत्नीसह जेवायला येणार होते. "सॅलडवर फुलांचं गार्निश कर," दादांनी सांगून ठेवलं होतं. "त्यांना आवडतं. एकदम क्लास दिसतं, यार." वहिनींनी कुंडीत नॅस्टर्शियम लावलं होतं, केशरी फूल, चवीला मुळ्यासारखं झणझणीत. ते ताटलीत मांडायचं आणि भजी कोहळ्याच्या फुलांची, असं ठरलं.

सकाळी वहिनी वेलापाशी वाकल्या होत्या. मी चाळणी घेऊन गेले आणि विचारलं, "वहिनी, वांझ वांझ तेवढी तोडू ना?"

आमच्याकडे असंच म्हणतात. देठाशी लिंबाएवढं कोहळं असलेलं फूल ठेवायचं. नुसत्या लांब देठाचं ते वांझ, ते तोडायचं. हा शब्द मी लहानपणापासून शेकडो वेळा उच्चारला असेन.

वहिनींचा हात पानाखालीच थांबला.

दादांच्या आई पायरीवर मटार सोलत होत्या. "तोडाच लागते," त्या म्हणाल्या. "वेलाचं सत्त्व चोखते अन् देत काहीच नाही. काहून वं सूनबाई, खरं हाय का नाही?"

"खरं आहे, आई."

माणसाला चिकटवलेल्या शब्दांविरुद्ध ज्या घरातून मोर्चे निघाले, त्या घरातली मी. शब्द जखम करतो, हे भाषण मी कॉलेजात बक्षीस घेऊन केलं होतं. आता मी खाली मान घालून फुलं तोडत राहिले. माफीसुद्धा मागितली नाही, कारण मागितली असती तर तो शब्द पुन्हा उच्चारावा लागला असता.

जेवताना साहेबांच्या पत्नीने एक भजं उचलून उजेडात धरलं. "नर फुलंच तोडता ना?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. "माझी आजीही तसंच करायची. फळवाली सोडून द्यायची."

"मेल?" वहिनींनी विचारलं.

"हो. लांब देठाची सगळी नर."

हे मला सातवीपासून माहीत होतं. नर फूल, मादी फूल, आकृती काढून नावं दिली होती. पण पुस्तकातलं नर फूल ते परड्यातलं वांझ फूल, हे मी कधी जोडलंच नव्हतं. फळ धरत नाही ते फूल नर, आणि आम्ही त्याला नाव दिलं ते बाईला द्यायचं. पुरुषाला वांझ म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

दादा सगळ्यांच्या ग्लासात ज्यूस ओतू लागले.

पाहुणे गेल्यावर वहिनींनी ड्रॉवरमधून चिठ्ठी काढली आणि उरलेल्या भज्यांच्या ताटलीशेजारी ठेवली. "सोमवारी अपॉइंटमेंट घेऊ?"

दादा हसले. "भज्यांवरून डॉक्टरकडे जायचं? तू पण ना!"

"आमच्या खानदानात असं कोणाले नाही," त्यांच्या आई म्हणाल्या.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा ना. तुम्ही त्यातलंच शिकता."

मी म्हणाले, "दादा, टेस्ट करायला काय हरकत..."

"तू लहान आहेस. घरच्या गोष्टीत पडू नको."

आणि मी पडले नाही. ताटल्या उचलल्या, नळ सोडला, पाण्याच्या आवाजात उभी राहिले. हे घर गेलं तर शनिवारी कुठे जायचं, एवढंच डोक्यात होतं. माझं तत्त्व तेवढ्या किमतीचं निघालं.

ऑक्टोबरात वहिनी सासूबाईंसोबत गेल्या. पुढच्या आठवड्यात गोठलेलं दंव पडून वेल काळा झाला.

थंडीत आपल्या लोकांचं संमेलन होतं. दादांनी पत्रक लिहिलं आणि नेहमीप्रमाणे प्रूफ तपासायला मला ईमेल केलं. मथळा होता, 'समतेची सुरुवात घरातून.' मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि शेवटी एक ओळ घातली: चिठ्ठी अजून ड्रॉवरमध्येच आहे का? उत्तर आलं, "फक्त प्रूफ बघायला सांगितलं होतं."

हॉलच्या दारात त्यांनी माझ्या हातात पत्रकांचा गठ्ठा दिला. मी तो टेबलावर ठेवला आणि भिंतीपाशी जाऊन उभी राहिले. ओळखीच्या एका काकांनी विचारलं, "काय गं, आज हात दुखतोय?"

"नाही, काका. मला वाटायची नाहीत."

त्या रविवारी मी कॉलिंग कार्ड घेऊन नागपूरला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा पत्रक वाटायला नकार दिला, हे वहिनींना सांगायचं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या दिवशी बोलायचं होतं, बाई. तेव्हा तुम्ही ताटल्या घासत होतात."

मी विचारलं, "वैद्य काय म्हणाले?"

"औषध देतात. पथ्य आहे." मागे कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "इथेही परड्यात कोहळं आहे. आई रोज सकाळी फुलं तोडायला मलाच पाठवतात. कोणती तोडायची ते खिडकीतून ओरडून सांगतात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं."

पुन्हा हाक आली. "आले, आई," वहिनी म्हणाल्या, आणि फोन ठेवला.