चारशे बारा ओळी

सोमवारी सकाळी हेडरबाईंनी पर्स खुर्चीला अडकवली, कॉम्प्युटर सुरू केला आणि त्यांच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. शुक्रवारी दाढ काढायची म्हणून त्या अर्धा दिवस रजेवर होत्या. तेवढ्या वेळात त्यांच्या फाइलींतून चारशे बारा ओळी उडाल्या होत्या. खाली शेरा होता, 'जुनी अडगळ काढली, सगळ्या टेस्ट पास.' त्याखाली साहेबांचा शाबासकीचा अंगठा आणि सहा जणांच्या टाळ्यांची चित्रं.

ऑफिसात तयार व्हायची भट्ट्यांचं तापमान मोजणारी सी भाषेतली एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रामला जोडून घ्यायचा आयता कोड. जोडताना आधी समोर येतात त्या हेडर फाइली. लिहिलेला कोड मशीनला कळेल असा करून देतो तो कंपायलर, आणि प्रत्येक कंपायलरची तऱ्हा निराळी. म्हणून हेडरमध्ये 'अमका असेल तर हे वाच, तमका असेल तर ते' असे मानपान सांभाळणाऱ्या ओळी घालाव्या लागतात. काम किचकट, वर शाबासकी शून्य. त्यामुळे सगळ्यांनी अंग काढून घेतलं आणि सतरा वर्षांपूर्वी ते बाईंच्या गळ्यात पडलं. बाईंनीही ते असं धरून ठेवलं की लोक त्यांचं खरं नाव विसरले.

त्यांचा एकच नियम होता. ज्याच्यासाठी ओळ घातली, त्याला विचारल्याशिवाय ती काढायची नाही. तो मोठ्या अक्षरांत लिहून त्यांनी भिंतीवर चिकटवला होता, नेमका सफाईवीराच्या खुर्चीमागे.

ओळी उडवणारा तोच. सफाईवीर हे नाव बाईंनीच ठेवलेलं. बत्तीस वर्षांचा, हुशार, पण कुठेही जुनं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे.

"कोणाला विचारलंस?" बाईंनी उभ्याउभ्याच विचारलं.

"मॅडम, त्या ओळी ज्याच्यासाठी होत्या तो कंपायलर बावीस वर्षांचा आहे. बनवणारी कंपनीच बुडाली. विचारणार कोणाला?"

"जो वापरतो त्याला."

"कोण वापरतंय आता?"

"भट्टीवाले वापरतात. त्यांच्या कारखान्यात उद्या सगळं ठप्प झालं, तर तुझ्या टाळ्या पाठवायच्या का त्यांना?"

अख्खं ऑफिस मान खाली घालून ऐकत होतं. साहेब केबिनच्या दारापर्यंत आले आणि काहीतरी आठवल्यासारखं करून परत आत गेले. बाईंनी दहा मिनिटांत सगळ्या ओळी जागेवर आणून ठेवल्या आणि वर लिहिलं, 'हात लावू नये.'

राग एवढा का, हे त्या खोलीत कोणालाच ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ऑफिसने तो कंपायलर चालवणारं जुनं मशीन भंगारात काढलं, तेव्हा बाईंनी ते टॅक्सीत घालून घरी नेलं. जेवणाच्या टेबलाखाली त्याचं बस्तान बसलं. आठवडाभरात झालेले बदल रविवारी त्याच्यावर तपासायचे. पाच तास लागायचे, आणि शेजारी बसून राहावं लागायचं, कारण कुठे अडलं की ते कोणीतरी बटण दाबेपर्यंत ढिम्म हलायचं नाही. दोन बस बदलून गेलं की ताईचं घर. ताई आधी दर रविवारी जेवायला बोलवायची, मग महिन्यातून एकदा, मग तिने विचारणंच सोडलं. बाई एकट्या राहायच्या. जवळचं म्हणावं असं ताईशिवाय कोणी नव्हतं. असे साडेपाचशेच्या वर रविवार त्या चारशे बारा ओळींत गेले होते आणि सफाईवीराने ते एका दुपारात पुसले होते.

पुन्हा कोणी तोंड उघडू नये म्हणून 'आम्ही तो कंपायलर वापरतो' असं भट्टीवाल्यांकडून लेखीच घ्यावं, असं ठरवून बाईंनी दुपारी फोन लावला. भट्टीवाले म्हणजे दोघं भाऊ, भट्ट्यांवर बसवायच्या तापमान मोजणाऱ्या पेट्या बनवायचे. फोन थोरल्याने उचलला.

"बाई, बरं झालं तुम्हीच विषय काढलात," तो म्हणाला. "ते जुनं मशीन सांभाळता सांभाळता आम्ही मेटाकुटीला आलोय. सुटे भाग मिळत नाहीत. नवीन कंपायलर सहा वर्षं तयार ठेवलाय."

"मग वापरत का नाही?"

"लायब्ररीसोबत येणाऱ्या तुमच्या प्रत्येक पत्रात पहिली ओळ असते ना, जुन्या कंपायलरवर खास तपासून पाठवत आहोत. आम्हाला वाटलं, तुमचंच काहीतरी त्याच्यावर अडलेलं असेल. धाकटा म्हणतो, बाई एवढ्या आपुलकीने करतात, आपण सोडलं तर बरं दिसेल का?"

बाईंचा आवाज चढला. "सहा वर्षं? अहो, एक फोन करायचा होता."

"तुम्हीही कधी केला नाहीत, बाई." तो अगदी साधेपणाने म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ भिंतीवरच्या कागदाकडे बघत बसल्या. काढताना विचारायचं, हे त्यांनी ठसठशीत लिहिलं होतं. ठेवताना विचारायचं मात्र त्यांना अकरा वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. आता त्यांना भट्टीवाल्यांचा राग आला, साहेबांचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. त्या रागाचं काय करायचं ते कळेना, कारण ओरडायला समोर कोणी नव्हतं.

त्यांनी उठून कागद फाडला. मग ओळी काढायला घेतल्या, स्वतःच्या हाताने, एकेक फाइल उघडून. गुरुवारपर्यंत ते काम चाललं.

"मॅडम, हे तर मी केलं होतं तेच आहे," सफाईवीर दबकत म्हणाला.

"तेच आहे. तू न विचारता केलंस म्हणून तुझं चुकलं."

"आणि तुमचं?"

"माझं जास्त चुकलं. जा, काम कर."

रविवारी सवयीने सहाला जाग आली. बाईंनी मशीनची वायर काढली, ते ओढत दाराशी नेऊन ठेवलं. टेबलाखाली फरशीवर चौकोनी डाग उरला होता. तो घासूनही निघेना, तेव्हा फडकं बादलीत आपटून त्यांनी ताईला फोन लावला.

"आज येऊ का गं जेवायला?"

"आज?" ताई गोंधळली. "आज रविवार आहे. तुझं ते मशीन?"

"काढून टाकलं."

"अगं, पण रविवारी मी घरी नसते. आमचा बायकांचा गाण्याचा ग्रुप आहे. झाली की आता सात वर्षं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बरं. मग पुढच्या रविवारी मी आले तर चालेल? नुसती ऐकत बसेन."

"बघते," ताई म्हणाली. "बाकीच्यांना विचारून सांगते."