सिस्टरांचा पेशंट

‘‘पेशंट कसा हाय, भाऊ?’’

दर गुरुवारी काउंटरवर पिशवी टेकवायच्या आधीच सिस्टर हे विचारायच्या. मी मागच्या कपाटाकडे मान वळवून सांगायचो, ‘‘बरा हाय. वाट पाहून राह्यला तुमची.’’ शेजारी पेपर वाचत बसलेला एखादा नवखा सभासद दचकून आमच्याकडे पाहायचा.

पेशंट म्हणजे एक बारकी विज्ञान कादंबरी. शनीच्या कुठल्याशा चंद्रावर एकटाच अडकलेला इंजिनिअर, बिघडलेलं यान आणि दिवसागणिक कमी होत चाललेला ऑक्सिजन, एवढीच गोष्ट. प्रकरणं चौदा. राळेगावच्या आमच्या वाचनालयात तिला सिस्टरांशिवाय फारसं गिऱ्हाईक नव्हतं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. अर्ध्या गावाला त्यांची सुई टोचलेली. त्या आत आल्या की स्पर्धा परीक्षेची पोरं उगाच ताठ बसायची, आणि आमचे अध्यक्ष तर नकळत दंड चोळायचे. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

एकच पुस्तक लागोपाठ दोनदा द्यायचं नाही, असा आमचा नियम. म्हणून मधल्या आठवड्यात सिस्टर मधुमेहाच्या आहारावरचं एक पुस्तक न्यायच्या आणि पुढच्या गुरुवारी तसंच्या तसं परत आणायच्या. ‘‘हे तं मले पाठ हाय. आता माह्या पेशंटले काढा.’’

एकदा ती कादंबरी कॉलेजातल्या एका सरांनी नेली आणि महिनाभर आणलीच नाही. सिस्टरांनी चौकशी केली, ‘‘कोणाकडे ॲडमिट हाय?’’ मी नाव सांगून बसलो. दुसऱ्याच दिवशी सर घामाघूम होऊन पुस्तक परत करायला हजर. ‘‘अहो, त्या घरी आल्या. पुस्तक कुठं ठेवलंय ते पाहिलं. फ्रिजवर होतं, तर म्हणाल्या, असं ठेवतात का?’’ सरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तुम्हीही पाहिले असतील असे वाचक, एकच पुस्तक पुन्हापुन्हा नेणारे. आपल्याला वाटतं, ते तेच ते वाचतात. सिस्टर मात्र दर खेपेला नवीन तक्रार घेऊन यायच्या. आधी ऑक्सिजनवरून लेखकाला झाडलं, ‘‘एवढे दिवस पुरते का एक सिलिंडर? कोणाले तरी विचाराचं न लिहिण्याच्या आधी.’’ मग जेवणावरून, ‘‘निऱ्या गोळ्याच खाऊन राह्यला बिचारा. वरणाचं पाणी तरी द्यावं माणसाले.’’ सातव्या प्रकरणात तो इंजिनिअर एकटाच बडबडतो. सिस्टरांचं आधीचं निदान होतं ताप. सिस्टरांचे मिस्टर गेले, त्यानंतर त्यांनी ते प्रकरण पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, ‘‘ताप नाही, भाऊ. आयकाले कोणी नाही म्हणून बोलून राह्यला तो.’’

मी मात्र त्यांची थट्टाच करत राहिलो. तोंडाला कुलूप नसणं हा माझा जुना आजार. एका गुरुवारी पुस्तक त्यांच्या हातात देता देता बोलून गेलो, ‘‘अजून किती खेपा वाचता, सिस्टर? मरतेच न तो शेवटी!’’

त्यांचा हात पुस्तकावरच थांबला.

‘‘मरते?’’

मला आधी वाटलं, गंमत करतात. मग लक्षात आलं. इतक्या वर्षांत त्यांनी चौदावं प्रकरण वाचलंच नव्हतं.

‘‘तेराव्यात त्याले दम लागते,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तिथं मी पुस्तक बंद करून वापस आणून देत होती. दवाखान्यात पाहिलं तेवढं पुरे झालं. वाटे, हा तरी राहू द्यावा.’’ पुस्तक काउंटरवर तसंच ठेवून त्या निघून गेल्या.

पुढचे चार गुरुवार सिस्टर आल्या नाहीत. त्यांच्या घरावरून दोनदा सायकल नेली, पण उतरायची हिंमत झाली नाही. एका म्हाताऱ्या बाईने वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेला माणूस मी फुकटच्या एका विनोदासाठी मारला होता. लाज वाटत होती, दुसरं काय.

पाचव्या गुरुवारी आल्या. पिशवी नव्हती. पेशंटची चौकशीही नाही.

‘‘एक सांगा, भाऊ. मराच्या टायमाले त्याच्याजवळ कोणी होतं का?’’

‘होतं’ हा शब्द अगदी जिभेवर आला होता. पण त्यांच्याकडे पाहून खोटं बोलवेना. ‘‘नाही, सिस्टर. एकटाच होता.’’

‘‘मंग द्या इकडे.’’

घरी नेलं नाही. खिडकीजवळची खुर्ची टेबलाला लावली, चष्मा पुसला आणि थेट चौदावं प्रकरण उघडलं. पोरं कुजबुजत होती. सिस्टरांनी न पाहताच एक हात वर केला आणि सगळा हॉल गप्प झाला. त्या ओठ हलवत, अगदी सावकाश वाचत होत्या. मध्येच थांबून पानावर तळवा ठेवायच्या, जरा वेळाने पुढे वाचायच्या. आठ-नऊ पानांना अर्धा तास लागला असेल. मी काउंटरमागे उभाच होतो, बसावंसं वाटलं नाही.

वाचून झालं तसं त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. पुस्तकावर लिहिलं तर मी सभासदांना दंड करतो. त्या दिवशी मुकाट्याने दिली. पुस्तक त्यांनी स्वतःच कपाटात नेऊन ठेवलं.

दिवाळीनंतर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. कार्ड जमा करायला आल्या, तेव्हा मला रक्तदाब तपासून घ्यायला सांगून गेल्या. गुरुवार आता नुसताच येतो. आहाराचं ते पुस्तकही कोणी नेत नाही.

त्या गेल्यावर एके दिवशी मी कादंबरीचं शेवटचं पान उघडलं. ‘समाप्त’च्या खाली, दवाखान्याच्या रजिस्टरात लिहितात तशा गोल, स्वच्छ अक्षरांत पेन्सिलीने लिहिलं होतं :

‘सायं. ५.४०. नातेवाईक हजर.’